विलासकाकांच्या नावापुढचा एक

"विलासदादांच्या नावापुढे एक लिहावासाच वाटला तर खुशाल लिही. पण माझ्या नावापुढे दोन लिहायला विसरू नकोस. तो एक वाया जाईल, दोन जाणार नाही."

रिटा तुस्कानोनं हे सांगितलं तेव्हा माधवीच्या खांद्यावर सात महिन्यांची छोटी दूध ओकत होती आणि पाच वर्षांची ईशानी तिच्या जॅकेटच्या खिशाला लोंबकळत होती. मिसिसागातल्या इंडियन ग्रोसरीत, कोथिंबिरीच्या जुड्यांसमोर. माधवी "हो हो, रिटाताई" म्हणाली आणि मनात म्हणाली, ही बाई कोथिंबीर निवडतानासुद्धा मतं मागते. मग छोटीचं तोंड पुसलं, आणि पुसता पुसता ते बोलणंही पुसून टाकलं.

आता हे मतांचं काय होतं, ते आधी सांगायला हवं. इथे निवडणुकीला पक्षातर्फे कुणी उभं राहायचं हे त्या भागातले पक्षाचे सभासद मत देऊन ठरवतात. त्यासाठी कॅनडाचं नागरिक असावं लागत नाही, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, असला तरी चालतं. म्हणून तर माधवी आणि तिच्यासारखी चार वर्षांपूर्वी आलेली माणसंसुद्धा त्या हिवाळ्यात सभासद झाली होती. दोन हजार दहाचा फेब्रुवारी. तिघं इच्छुक होते. एक गोरा वकील, ज्याच्या आजोबांपासून सगळे याच भागात वाढलेले. दुसरी रिटा, वसईची, एका हॉस्पिटलात नर्स, चर्चमधल्या निम्म्या घरांच्या प्रेशरच्या गोळ्या तिला पाठ. आणि तिसरे विलास घाणेकर.

विलासकाका चौसष्ट वर्षांचे. पुण्याला पाटबंधारे खात्यात इंजिनीअर होते, इथे येऊन एकोणीस वर्षं विमानतळाजवळच्या गोदामात सुपरवायझर. बायको, चित्राकाकू, तीन वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही, एक पुतण्या परीक्षित तेवढा तासाभरावरच्या ग्वेल्फला युनिव्हर्सिटीत. पण नवीन आलेल्या प्रत्येक मराठी घराचे ते काका होते. विंटर टायर्स कुठे घ्यायचे, फॅमिली डॉक्टर कोण नवे पेशंट घेतो, बाळाच्या कानात दुखलं तर कुठे जायचं, सगळं त्यांच्या खिशातल्या डायरीत.

छोटी झाली तेव्हा माधवीची आई नागपूरहून येणार होती. व्हिसा नाकारला. आईला कायमचं आणायचा अर्ज तर तीन वर्षं कुठल्याशा ऑफिसात पडून होता, अजूनही आहे. हॉस्पिटलातून घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात विलासकाका, कपाळावर घाम, हातात स्टीलचा डबा.

"डिंकाचे लाडू. चित्राच्या वहीत बघून केलेत. डिंक जरा जळलाय, दात सांभाळून खा."

लाडू खरंच दगडासारखे होते. माधवीनं ते दुधात भिजवून भिजवून खाल्ले आणि प्रत्येक लाडवाला रडली. डब्याच्या झाकणावर नाव कोरलेलं होतं, सौ. चित्रा वि. घाणेकर. डबा रिकामा कसा परत करायचा? काहीतरी चांगलं करून घालू, असं म्हणत म्हणत सात महिने तो तिच्या ओट्यावरच राहिला. त्या डब्याच्या तोडीचं काही तिच्या हातून होईना. आधी झोप पुरी होईना.

जानेवारीत विलासकाकांनी कॉन्डोच्या पार्टी रूममध्ये सगळ्यांचा वर्ग घेतला होता. व्हाइटबोर्डवर तीन नावं लिहिली.

"हे बघा, इथे शिक्का नाही, आकडे घालायचे असतात. पहिली पसंती एक, दुसरी दोन, तिसरी तीन. पण तुम्ही काय करायचं? माझ्यापुढे एक. आणि बाकीच्या दोघांपुढे काय?"

"कोरं!" सगळे शाळेतल्यासारखे ओरडले.

"शाब्बास. दोन लिहिलंत तर मी पडल्यावर तुमचं मत दुसऱ्याच्या झोळीत जातं. आपण कशाला कुणाच्या झोळीत जायचं? ना त्या वकिलाच्या, ना रिटाच्या."

मागे बसलेल्या राजननं हात वर केला. "काका, आणि एकच्या ऐवजी श्री लिहिलं तर?"

"तर गणपती निवडून येईल आणि तुला विसर्जनाला ऑटवाला जावं लागेल. खाली बस."

माधवी बऱ्याच दिवसांनी त्या दिवशी पोटभर हसली होती.

आणि मतदानाच्या अकरा दिवस आधी विलासकाकांनी नाव मागे घेतलं.

डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं होतं, पण ते कारण त्यांनी कुणाला दिलं नाही. त्यांनी हिशेब मांडला होता. दोन मराठी उभे राहिले तर दोघंही पडणार आणि वकील आरामात येणार. रिटा धाकटी, दमाची, आई-बापांच्या अडकलेल्या अर्जांवर तीही तितकंच पोटतिडकीनं बोलते. मग ते रिटाच्या घरी गेले, तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या, फेलिक्सच्या समोर बसले आणि म्हणाले, माझी सगळी माणसं तुझी.

त्या आठवड्यात त्यांनी घरोघरी फोन केले. माधवीलाही आला.

"माधवी, आता एक रिटाला. कळलं? मी वर्गात शिकवलं ते विसरा. मतपत्रिका छापून झाल्यात, माझं नाव दिसेल तिथे, पण मी तिथे नाही असं समजायचं. मी त्या मुलीला शब्द देऊन आलोय. आपल्यातल्या लोकांनी तिला मत दिलं नाही तर तिच्या लोकांना काय वाटेल, माहीत आहे ना तुला? माझी अब्रू आता तुमच्या हातात आहे."

"हो काका. तुम्ही जेवलात का?"

"जेवेन. अजून सतरा फोन आहेत."

त्यांचा आवाज माधवीच्या कानात राहिला. विहिरीच्या तळातून यावा तसा. फोन ठेवल्यावर तिला एकच वाटत राहिलं. एवढं सगळ्यांचं केलं या माणसानं, आणि आता त्याच्या नावापुढे एक आकडासुद्धा पडणार नाही.

मतदानाच्या रविवारी उन्मेषला, म्हणजे माधवीच्या नवऱ्याला, सकाळीच ऑफिसातून फोन आला. सिस्टिम बंद पडली होती. "तू जाऊन ये, माझं एक गेलं तर काय होतंय," असं म्हणत तो लॅपटॉप उघडून बसला. मुलींना त्याच्याजवळ ठेवावं तर तो फोनवर, आणि छोटीला आदल्या रात्रीपासून कणकण. माधवीनं दोघींना घेतलं. न्यायला फेलिक्स आला होता, त्याची मोठी व्हॅन घेऊन. सकाळपासून त्याच्या फेऱ्या चालल्या होत्या. चर्चची माणसं, मराठी मंडळाची माणसं, सगळी त्यानंच आणली.

"बसा वहिनी. कार सीट लावलीय मी, आमच्या पोराची, प्रेस्टनची जुनी. बेबीला थंडी नको लागायला."

माधवीनं कार सीटचा पट्टा दोनदा ओढून पाहिला. पट्टा नीट होता. तिला प्रत्येक पट्टा दोनदा ओढून पाहायची सवयच लागली होती.

शाळेच्या जिममध्ये रांग होती, तीही दारापर्यंत. एक तास गेला, दीड तास गेला. बर्फाच्या बुटांचं पाणी लाकडी फरशीवर साचलं होतं. छोटी किरकिरत होती. ईशानी दर दोन मिनिटांनी म्हणत होती, "आय वाँट टू गो होम, आई. आय नीड द वॉशरूम." वॉशरूमला गेलं तर रांगेतली जागा जाणार. पुढच्या बाईला विनवून माधवी एकदा जाऊन आली. भिंतीवर सूचना चिकटवलेली होती, विलास घाणेकर यांनी माघार घेतली आहे, त्यांना दिलेली पसंती मोजली जाणार नाही, पुढची पसंती मोजली जाईल. माधवीनं ती सबंध वाचली. दोनदा वाचली. न वाचता घडलं असं पुढे तिला कधी म्हणता आलं नाही.

मग ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. हातात पेन्सिल. कागदावर तीन नावं, आणि त्यातलं एक 'घाणेकर, विलास'.

तिला झाकणावरचं नाव आठवलं. तिला वाटलं, संध्याकाळी मोजतील तेव्हा यांच्या नावापुढे शून्य निघेल. सगळ्यांसमोर वाचतील ते शून्य. एवढ्या माणसांत एका तरी माणसानं त्यांना एक द्यावा. रिटाताईला काय, शेकड्यानं मिळणार आहेत. माझ्या एकानं काय होतंय?

तिनं एक लिहिला. नीट, ठसठशीत.

आणि दोन? रिटानं कोथिंबिरीपाशी सांगितलेलं तिला तेव्हा आठवलं की नाही? इथे माधवी अडखळते. छोटी रडायला लागली होती हे खरं. मागून कुणीतरी घसा खाकरला हेही खरं. "बाकीचं कोरं" हे वर्गातलं वाक्य हातात बसलं होतं, तेही खरं. पण या तिन्हींच्या खाली आणखीही काही होतं का, जे नागपूरच्या घरातून तिच्याबरोबर आलं होतं आणि जे तिनं कधी उघडून पाहिलं नव्हतं? तिला माहीत नाही. तिनं कागदाची घडी केली आणि पेटीत टाकली.

साडेचारला निकाल वाचला गेला. वकिलाला चारशे बारा. रिटाला चारशे तीन. फरक नऊचा.

आणि अडतीस मतपत्रिका बाद धरलेल्या. अडतिसांवर विलास घाणेकरांपुढे एक, बाकी कोरं.

जिममध्ये वकिलाची माणसं ओरडायला लागली. माधवी छोटीला थोपटत भिंतीला टेकून उभी होती, तिचा हात मध्येच थांबला. अडतीस. म्हणजे तिच्यासारखाच विचार करणारे आणखी सदतीस. प्रत्येकाला वाटलं होतं, मी एकटाच देतोय.

विलासकाका खुर्चीवरून उठले. त्यांनी आपल्या माणसांकडे पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे. राजन बुटाची लेस बांधायला वाकला. कुणी मुलाची टोपी नीट केली. माधवीनं छोटीच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. ताप नव्हता.

काका रिटाजवळ गेले. "रिटा, मी शब्द दिला होता."

"दिला होतात, दादा. तुम्ही बसा आधी. घाम आलाय तुम्हाला." तिनं त्यांचं मनगट धरलं, नाडी बघतात तसं.

फेलिक्सला मात्र राहवलं नाही. तो मराठीतच बोलला, म्हणजे ज्यांना कळायला हवं त्यांना कळावं. "ख्रिसमसचा केक चालतो, फेलिक्सची व्हॅन चालते. फेलिक्सची बायको तेवढी चालत नाही."

"फेलिक्स!" रिटा म्हणाली.

"काय फेलिक्स? नऊ मतं, रिटा! तीन तर मी माझ्या गाडीतून आणली असतील."

परतीच्या वाटेवर त्यानंच माधवीला घरी सोडलं. मुलींना गाडीतून उतरवताना ईशानीचा एक हातमोजा पडला, तो त्यानं उचलून दिला. हे माधवीला सगळ्यात कठीण गेलं.

पुढच्या आठवड्यात काकांचे फोन पुन्हा सुरू झाले. त्याच डायरीतले, त्याच क्रमानं.

"माधवी, एकच विचारतो. तू रिटाला मत दिलंस ना?"

ओट्यावर डबा होता. झाकणावरचं नाव ट्यूबलाइटमध्ये चमकत होतं. एका शब्दाचं काम होतं. पण त्या एका शब्दानंतर काका गप्प झाले असते, आणि ती शांतता ऐकायची ताकद तिच्यात त्या दिवशी नव्हती. तीन रात्री छोटी झोपली नव्हती.

"हो काका. एक रिटाताईंनाच."

"मला माहीत होतं," काका म्हणाले. "तू तसं करणार नाहीस हे माहीत होतं. सगळेच हो म्हणतायत गं. सगळ्यांनी तिलाच दिलंय. मग ही अडतीस आली कुठून? काहीतरी गडबड आहे या मोजणीत. मी सोडणार नाही."

तेव्हा तरी बोलायचं. पण ते पुढे बोलत राहिले, फार दिवसांनी त्यांच्या आवाजात जोर आला होता, आणि माधवी "हो काका, हो काका" करत राहिली.

विलासकाकांनी पक्षाकडे लेखी तक्रार केली. माझ्या लोकांना मी चेहऱ्यानं ओळखतो, एकूण एक जणानं मला सांगितलंय, मोजणीत लबाडी झालेली आहे. खाली स्वतःची सही. पक्षानं त्यांना बोलावलं. एका टेबलावर त्यांच्यासमोर पेटी उघडली आणि त्या अडतीस मतपत्रिका एकेक करून मांडल्या. साक्षीला रिटा होती, वकिलाचा माणूस होता.

हे माधवीला रिटानंच सांगितलं, मार्चमध्ये, त्याच ग्रोसरीत. माधवी तिला टाळून डाळींच्या रांगेत वळली होती, पण ईशानीनंच "हाय, रिटा आंटी!" म्हणून हाक मारली.

"ते बघत होते नुसते," रिटा म्हणाली. "एकेक कागद. हातात घेऊन. मग म्हणाले, हा आकडा मी शिकवला तसाच काढलाय सगळ्यांनी. आणि त्या वकिलाच्या माणसाची माफी मागितली. उभं राहून. मला नाही बघवलं."

माधवीच्या हातात मुगाचं पाकीट होतं. ते तिनं परत ठेवलं, पुन्हा उचललं.

"रिटाताई, त्यातला एक माझा होता. दोन लिहायचा राहिला."

"माहीत आहे."

"कसं?"

"फेलिक्स म्हणाला, माधवीवहिनी येताना गाडीत कितीतरी बोलत होत्या, जाताना कार सीटचा पट्टासुद्धा ओढून पाहिला नाही." रिटानं दमलेल्या माणसासारखं हसून घेतलं. "मला सांगून काय उपयोग, पोरी? मी पुन्हा उभी राहीन, मला काय धाड भरलीय. पण त्यांना अडतीस माणसं खोटं बोलली, आणि एकालाही ते चेहऱ्यानं ओळखत नाहीत. आता त्यांना सगळेच अडतिसातले वाटतात. घर सोडलं त्यांनी, कळलं का तुला? ग्वेल्फला गेलेत. परीक्षितच्या जवळ, पण वेगळे. कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये. गोळ्या घेतात की नाही, देव जाणे. माझा फोन उचलत नाहीत. लाज वाटते म्हणे माझी."

माधवीचाही उचलला नाही. तिनं आठवडाभर रोज केला. परीक्षितला केला तर तो म्हणाला, "काका ठीक आहेत, आय थिंक. मी त्यांना मागच्या महिन्यात भेटलो." मागच्या महिन्यात!

मग एका शनिवारी उन्मेषला काही न सांगता ती दोन्ही मुलींना घेऊन ग्वेल्फच्या बसमध्ये बसली. आदल्या दिवशी तिनं डिंकाचे लाडू केले होते. डिंक जळू दिला नव्हता. डबा पहिल्यांदा भरला होता.

परीक्षितनं दिलेल्या पत्त्यावर घर सापडलं. स्टेशनच्या मागच्या चढावर, लाल विटांचं, बेसमेंटचं दार बाजूला. दाराशी चार पायऱ्या खाली उतरायच्या. त्या पायऱ्यांवर बर्फ होता, दोन-तीन दिवसांचा, आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. दाराच्या कडीला जाहिरातींचे कागद अडकवलेले, एकावर एक. माधवी छोटीला कडेवर घेऊन धरून धरून उतरली. बेल वाजवली. हाक मारली. "काका, मी माधवी." आतून काही नाही. जमिनीलगतच्या खिडकीला पडदा होता आणि त्यामागे दिवा लागलेला होता, दुपारी दोन वाजता.

वरच्या मालकीणबाई दार उघडून म्हणाल्या, तो फार शांत माणूस आहे, कुणाला भेटत नाही, पण पाण्याच्या पाइपचा आवाज येतो अधूनमधून. आज आला का, असं माधवीनं विचारलं. बाई आठवत राहिल्या.

माधवीनं पायऱ्यांवर अर्धा तास काढला. ईशानीचे पाय गार पडले, छोटी रडून रडून झोपली. डबा दाराशी ठेवावा तर दार उघडणार कधी, आणि चित्राकाकूंचं नाव बर्फात कसं सोडायचं? तिनं तो परत आणला. एका बिलाच्या मागे "माधवी येऊन गेली" एवढंच लिहून चिठ्ठी दाराच्या फटीत सरकवली. जे लिहायला हवं होतं ते बिलाच्या मागे लिहिण्यासारखं नव्हतं.

आता ईशानीला कांजिण्या आल्यात, छोटीला येतील म्हणतात, उन्मेषची शिफ्ट बदललीय. ग्वेल्फची बस तिला आणखी दोन आठवडे तरी जमणार नाही. आणि दोन आठवडे म्हणजे किती, हे ती रोज मनातल्या मनात त्या पाइपच्या आवाजांत मोजते.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी ग्वेल्फला राहत असेल, किंवा मुलाला युनिव्हर्सिटीत सोडायला जात असेल, तर पाच मिनिटं वाकडी वाट करा. लाल विटांचं घर, बाजूचं दार, खिडकीत दिवा. आधी पायऱ्या बघा, बर्फ फावड्यानं काढलाय का, पावलं आहेत का. मग बेल वाजवा, एकदा नाही, तीनदा. त्यांनी दार उघडलं तर जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, विचारा. आणि सांगा की त्या अडतिसातला एक माधवीचा होता, ती फोनवर खोटं बोलली, आणि निदान एवढ्या एका माणसाला तुम्ही आता चेहऱ्यानं ओळखता, काका.

आणि दार नाही उघडलं, तर तसेच परत फिरू नका. वरच्या बाईंकडे किल्ली आहे. त्यांना घेऊन आत जा.